जुनं मैदान न मोडता वाट बदलणारे थोरले टॉम मॉरिस

१८६४ साली स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज या छोट्या शहरात त्रेचाळीस वर्षांच्या एका माणसाला नोकरीवर घेण्यात आलं. पगार वर्षाला ५० पौंड. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक गडी. अवजारं म्हणून एक चाकाची हातगाडी, एक फावडं आणि एक खोरं. काम काय, तर समुद्रकाठचं एक जुनं, खेळून खेळून झिजलेलं गोल्फचं मैदान पुन्हा उभं करायचं. मैदान बंद ठेवून काम करायची सोय नव्हती. गावाची त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट होती, तीही मोडता येणार नव्हती.

त्या माणसाचं नाव टॉम मॉरिस. पुढे मुलाचंही नाव टॉम ठेवल्यामुळे जग त्यांना ‘ओल्ड टॉम’, म्हणजे थोरले टॉम, या नावाने ओळखू लागलं. चार वेळा ओपन स्पर्धा जिंकणारा खेळाडू म्हणून त्यांचं नाव गोल्फच्या पुस्तकात आहेच. पण त्यांचं खरं आयुष्य गेलं ते माती, वाळू आणि गवतात. जुन्या मैदानाला धक्का न लावता त्याची वाट कशी बदलायची, हे त्यांनी करून दाखवलं.

वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं गोल्फचं मैदान ज्यांनी लांबून का होईना पाहिलंय, त्यांना या खेळाची थोडी कल्पना असेल. काठीने चेंडू मारत मारत जमिनीतल्या एका छोट्या भोकात घालायचा. जिथून पहिला फटका मारतात ती जागा म्हणजे टी. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. भोकाभोवतीची अगदी बारीक हिरवळ म्हणजे ग्रीन. मध्ये मध्ये वाळूचे खड्डे, ते बंकर. भोकाला होल म्हणतात आणि टीपासून ग्रीनपर्यंतच्या सगळ्या टप्प्यालाही होलच म्हणतात. असे १८ टप्पे झाले की एक फेरी पूर्ण होते.

हा १८चा आकडासुद्धा सेंट अँड्र्यूजमधूनच आला. तिथे आधी एका फेरीत २२ होल खेळले जात. जमिनीत भोकं १२च होती, पण जाताना आणि येताना त्यातली १० दोनदा खेळली जात. १७६४ साली सुरुवातीचे चार आखूड टप्पे जोडून दोन करण्यात आले. येतानाही तेच झालं आणि २२चे १८ झाले. म्हणजे मैदानात फेरफार करण्याची परंपरा तिथे टॉम यांच्या जन्माआधीपासूनची.

विणकराचं पोर

टॉम यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूजमध्येच झाला. वडील हातमागावर कापड विणायचे. घरची परिस्थिती बेताची.

त्याच वर्षी त्या मैदानाचंही नशीब पालटलं. १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली होती आणि मैदानाची जमीन ससे पाळणाऱ्यांच्या हाती गेली होती. सशांनी जमीन पोखरली, गोल्फ खेळणाऱ्यांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या आणि मारामाऱ्या दोन्ही झाल्या. वीस वर्षं हा वाद चालला. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि मैदान खेळासाठी वाचलं. तो स्वतः गोल्फ खेळणारा होता.

टॉम शिकले ती शाळा म्हणजे मद्रास कॉलेज. स्कॉटलंडमधल्या शाळेला मद्रासचं नाव कसं, असं कोणालाही वाटेल. सेंट अँड्र्यूजचेच डॉ. अँड्र्यू बेल मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवत होते. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं, अशी पद्धत त्यांनी तिथे बसवली आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून ब्रिटनमध्ये गाजली. त्यांच्या पैशातून ही शाळा उभी राहिली.

गावातली पोरं बाटलीच्या बुचात खिळे ठोकून त्याचा चेंडू करायची आणि गल्लीबोळातून तो मारत हिंडायची. टॉमही त्यातच वाढले. चौदाव्या वर्षी ते अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्याकडे कामाला लागले. रॉबर्टसन हे गोल्फमधले पहिले व्यावसायिक खेळाडू मानले जातात. खेळून ते पैसे मिळवत, पण त्यांचा मुख्य धंदा चेंडू बनवण्याचा.

तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याची पिशवी. ती शिवायची आणि उकडलेली पिसं तिच्यात ठासून भरायची. एका चेंडूला टोपीभर पिसं लागत. कसबी कारागीरसुद्धा दिवसाला मोजकेच चेंडू बनवू शके. त्यामुळे चेंडू महाग, आणि पावसात भिजला की फुटायचा. साहजिकच खेळ पैसेवाल्यांपुरता राहिला होता.

टॉम तिथे चार वर्षं उमेदवार म्हणून राबले आणि पुढे पाच वर्षं पगारी कारागीर म्हणून. मालक आणि नोकर जोडीने पैजेचे सामनेही खेळायचे. ही जोडी बरोबरीच्या सामन्यात कधी हरली नाही, असं सांगितलं जातं. १८४४ मध्ये टॉम यांनी अ‍ॅग्नेस बेन हिच्याशी लग्न केलं. घरात सगळे तिला नॅन्सी म्हणत.

एका चेंडूपायी नोकरी गेली

१८४८च्या सुमारास नवा चेंडू बाजारात आला. मलायाच्या जंगलात मिळणाऱ्या गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून तो बनवत. चीक गरम करायचा, गोल वळायचा, थंड करायचा, झाला चेंडू. पिसांच्या चेंडूच्या मानाने अगदी स्वस्त. मार लागून वेडावाकडा झाला तर पुन्हा गरम करून गोल करता यायचा.

रॉबर्टसन यांना यात धंदा बुडताना दिसला. नवा चेंडू वापरायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. एके दिवशी टॉम यांचे चेंडू खेळता खेळता संपले. सोबतच्या खेळाडूने गट्टापर्चाचा चेंडू दिला आणि टॉम यांनी तो वापरला. ही गोष्ट मालकाच्या कानावर गेली. दोघांत वाजलं आणि टॉम त्या दुकानातून बाहेर पडले.

त्याच काळात घरातही दुःख झालं होतं. पहिला मुलगा, त्याचंही नाव टॉम, १८५० साली चार वर्षांचा होऊन वारला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरा मुलगा झाला. त्याला तेच नाव दिलं. हाच पुढचा धाकटा टॉम, घरातला टॉमी.

तान्ह्या पोराला घेऊन कुटुंब १८५१ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेलं. तिथे नुकताच क्लब निघाला होता. कर्नल जेम्स ओगिल्व्ही फेअरली यांनी टॉम यांना बोलावून घेतलं होतं. त्यांचे उपकार टॉम विसरले नाहीत. पुढे एका मुलाचं नाव त्यांनी जेम्स ओगिल्व्ही फेअरली मॉरिस असंच ठेवलं.

प्रेस्टविकला जागा थोडी आणि वाळूच्या टेकड्या फार. तेवढ्या जागेत टॉम यांनी १२ होलचं मैदान बसवलं. एकूण लांबी ३,७९९ यार्ड. त्यातला पहिला होल एकटाच ५७८ यार्डांचा. जागा पुरत नव्हती म्हणून वाटा एकमेकींना छेदून जायच्या. खेळणारे कमी असेपर्यंत हे चालून गेलं. पण एकाच पट्ट्यावरून दोन बाजूंचे लोक जाऊ लागले की काय होतं, हे टॉम यांनी तिथे रोज पाहिलं. हा धडा पुढे उपयोगी पडला.

गवताचं शास्त्रही ते तिथेच शिकले. वाळूची हातगाडी एका ग्रीनवर चुकून कलंडली आणि पुढे नेमकं तिथलंच गवत जोमाने वाढलं, अशी हकिकत त्यांच्याबद्दल सांगतात. हकिकत खरी असो वा नसो, ग्रीनवर वाळूचा पातळ थर देत राहायचा हे तंत्र त्यांनी आयुष्यभर वापरलं. वाळूने खळगे भरतात, पाणी साचत नाही, जमीन घट्ट आणि सपाट राहते आणि बारीक गवत तग धरतं. जगभरच्या गोल्फ मैदानांवर आजही हेच करतात.

पट्टा आणि सहा पौंड

१८५९ मध्ये रॉबर्टसन वारले. आता देशातला सर्वांत चांगला खेळाडू कोण, हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकवर स्पर्धा ठेवली गेली. तीच आजची ओपन. खेळाडू अवघे आठ. १२ होलच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात. पहिला फटका टॉम यांनी मारला, पण जिंकले विली पार्क. पार्क यांना १७४ फटके लागले आणि टॉम यांना १७६.

पुढच्या वर्षी टॉम यांनी उट्टं काढलं. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा त्यांनी ही स्पर्धा जिंकली. १८६२ साली ते तब्बल १३ फटक्यांनी जिंकले. मोठ्या स्पर्धांमधला हा विक्रम २००० साली टायगर वूड्सने मोडेपर्यंत टिकला. १८६७ मध्ये ते ४६ वर्षांचे होते. त्यांच्याहून वयस्क माणसाने ओपन अजून जिंकलेली नाही.

विजेत्याला चांदीचं बक्कल असलेला लाल चामड्याचा पट्टा मिळायचा, तोही वर्षभर सांभाळायला. रोख बक्षीस मिळालेला पहिला विजेता म्हणजे १८६४चे टॉम. रक्कम ६ पौंड.

त्यांची एक खोड मात्र सगळ्यांना माहीत होती. लांबचे फटके अचूक, पण होलजवळ आलेला चेंडू आत ढकलताना ते हमखास चुकायचे. पत्त्यावर नाव न घालता फक्त या खोडीचा उल्लेख करून प्रेस्टविकला पाठवलेलं पत्रही टपालवाल्याने बरोबर त्यांच्याकडे पोचवलं, असं सांगतात.

गर्दी वाढली, जागा तेवढीच

त्याच १८६४ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने त्यांना परत बोलावलं. रॉबर्टसन गेल्यापासून मैदानाकडे नीट लक्ष द्यायला कोणी राहिलं नव्हतं. ग्रीन उखडलेले, बंकर ढासळलेले, कडेची गॉर्सची काटेरी झुडपं आत आलेली.

त्यात गर्दी वाढत होती. १८५२ मध्ये गावात रेल्वे आली होती. स्वस्त चेंडूमुळे कारकून, दुकानदार, कारागीर सगळेच खेळायला लागले होते. ज्या चेंडूपायी टॉम यांची नोकरी गेली, त्याच चेंडूने आता त्यांच्यापुढे नवं काम वाढून ठेवलं होतं.

अडचण मैदानाच्या आकाराची होती. समुद्र आणि झुडपं यांच्या मधला तो एक लांबट, अरुंद पट्टा. टोकाला मेंढपाळाच्या काठीसारखा वळलेला. लोक गावापासून निघायचे, टोकापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने, तेच होल खेळत परत यायचे. जाणारे आणि येणारे समोरासमोर. ज्या भोकाकडे एक टोळी चेंडू मारतेय, त्याच भोकाकडे समोरून दुसरी टोळी येतेय. एकेरी रस्त्यावर समोरून एसटी यावी तसा प्रकार.

रॉबर्टसन यांच्या काळातच पट्टा रुंद करायला सुरुवात झाली होती. १८५०च्या दशकात एकेका ग्रीनवर दोन भोकं पाडण्यात आली. जाणाऱ्यांसाठी एक, येणाऱ्यांसाठी एक, आणि निशाणं दोन रंगांची. पण ग्रीनच लहान असल्यामुळे लोक एकमेकांच्या अंगावर येतच होते.

टॉम यांनी मैदान नांगरून नव्याने आखलं नाही. त्यांनी आधी कडेची झुडपं तोडत जाऊन फेअरवे रुंद केले. ग्रीनच्या कडा वाढवत नेल्या. उखडलेल्या जागी नवी हिरळ आणून बसवली आणि वाळू टाकत राहिले. ग्रीन एवढे मोठे झाले की एकाच ग्रीनवर दोन टोळ्या आपापल्या भोकाजवळ सुखाने खेळू शकतील. असे सात जोडग्रीन तिथे आजही आहेत. त्यात एक गंमत आहे. एका ग्रीनवरच्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं करत आठवा आणि दहावा.

पूर्वी टी वेगळी नव्हती. एका भोकातून चेंडू काढायचा आणि त्याच्या शेजारूनच पुढचा फटका मारायचा. त्यामुळे ग्रीनची चाळण व्हायची. टॉम यांनी टीच्या जागा ग्रीनपासून वेगळ्या केल्या. ग्रीनवरचं गवत कापायला ढकलायचं यंत्र आणलं. बंकरकडेही त्यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. वाळूचा खड्डा हा नुसता अडथळा नको. धाडस असेल त्याने त्यावरून मारावं, नसेल त्याने लांबच्या वाटेने वळसा घालावा. खेळाडूला निवड करता आली पाहिजे, हा विचार मैदानाच्या आखणीत त्यांच्यापासून रुजला.

एका ग्रीनने दिशा बदलली

सगळ्यात मोठा बदल मात्र एका छोट्या जागेत झाला. ग्रीनच्या जोड्यांत तेव्हा पहिल्या आणि सतराव्या होलचीही जोडी होती. म्हणजे खेळ सुरू करणारे आणि खेळ संपवत आलेले, दोन्ही टोळ्या एकाच ग्रीनवर यायच्या. गर्दीची खरी गाठ तिथेच पडायची.

१८७०च्या सुमारास टॉम यांनी स्विल्कन नावाच्या ओढ्याच्या पलीकडच्या काठाला पहिल्या होलसाठी वेगळं ग्रीन तयार केलं. शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलचं ग्रीनही त्यांनी नव्याने बांधलं. आता सुरुवात आणि शेवट सुटे झाले. निघणाऱ्याला सतराव्या ग्रीनकडे जायचं कारण उरलं नाही.

या एका ग्रीनमुळे अख्ख्या मैदानाची दिशा बदलता आली. पूर्वी खेळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालायचा. निघताना डावीकडून जायचं आणि येताना दुसऱ्या बाजूने परतायचं. आता उलट दिशेनेही खेळता येऊ लागलं. निघताना उजवीकडून, येताना डावीकडून. मैदान तेच, ग्रीन जवळपास तेच, पण खेळ दुसराच.

बरीच वर्षं एक आठवडा एका दिशेने आणि दुसरा आठवडा उलट दिशेने खेळायची पद्धत होती. यात जमिनीचाही फायदा होता. एका दिशेने खेळताना फटके ज्या जागी पडून गवत उखडायचं, ती जागा दुसऱ्या आठवड्यात विश्रांती घ्यायची. शेतकरी पीक बदलून रानाला दम खाऊ देतो, त्यातलाच प्रकार. हळूहळू उजवीकडून निघायची वाट पक्की झाली आणि आज तीच वापरात आहे. या मैदानावर काही बंकर अशा जागी आहेत की ते तिथे का, हे आजच्या खेळाडूला कळत नाही. तेच मैदान उलट दिशेने चाललं की त्यांचा अर्थ लागतो.

रविवारी मैदान बंद, हा नियम टॉम यांनी कसोशीने पाळला. ते चर्चचे मानकरी होते, श्रद्धाळू होते. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसांना विश्रांती नको असेल तर नसो, जमिनीला हवी असते. आजही एरवी रविवारी तिथे खेळ होत नाही. गावकरी पोराबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गोल्फ मैदानावर फिरायला जातात.

घरातला अंधार

मैदानाला असा बहर येत असताना घरात टॉमी मोठा होत होता. बापापेक्षा सवाई निघाला. १८६७ मध्ये बापाने ओपन जिंकली आणि १८६८ मध्ये सतराव्या वर्षी मुलाने. सर्वांत वयस्क विजेता बाप आणि सर्वांत लहान विजेता मुलगा, हे दोन्ही विक्रम एकाच घरात आहेत आणि अजून मोडलेले नाहीत. बापलेक पहिले-दुसरे आले असाही योग आला. टॉमीने १८६८, १८६९ आणि १८७० अशी सलग तीन वर्षं स्पर्धा जिंकली आणि नियमाप्रमाणे तो पट्टा कायमचा त्याचा झाला. द्यायला पट्टाच उरला नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. १८७२ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हाही तोच जिंकला.

सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला पार्क बंधूंविरुद्ध सामना खेळत होते. टॉमीची बायको मार्गारेट दिवस भरलेली, घरीच होती. सामना संपत आला असताना तार आली. प्रसूती अवघड झाली होती. दोघे तिथूनच बोटीने खाडी ओलांडून गावाकडे निघाले. घरी पोचले तेव्हा बायको आणि बाळ दोघंही गेलेले होते.

टॉमी त्यातून सावरला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. पुढच्या वर्षी नॅन्सीही गेली. थोरले टॉम यांनी आपली एकूण एक मुलं डोळ्यांदेखत गमावली. शेवटचा मुलगा १९०६ मध्ये गेला.

असा माणूस घरात बसून राहिला असता तर कोणी नावं ठेवली नसती. टॉम पुन्हा मैदानावर गेले. रोज सकाळी समुद्रात पोहायचं, थंडी असो वा वारा, आणि मग पाईप तोंडात धरून मैदानाची फेरी घालायची, हा क्रम त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडला नाही. ओपन स्पर्धेत ते १८९६ पर्यंत खेळत राहिले, तेव्हा त्यांना पंचाहत्तरावं वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते.

दिवसाला एक पौंड

त्यांची कीर्ती ऐकून गावोगावचे क्लब त्यांना बोलवू लागले. दर ठरलेला, दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. ते जायचे, जमिनीवरून चालायचे, उंचवटे आणि उतार नजरेत भरून घ्यायचे आणि टी कुठे, ग्रीन कुठे, याच्या खुंट्या ठोकून यायचे. पुष्कळदा एक-दोन दिवसांत काम उरकायचं. जमीन जशी आहे तशी वापरायची, टेकडी फोडायची नाही, हा त्यांचा खाक्या. अर्थात टेकडी फोडायला तेव्हा यंत्रंही नव्हती.

यातली बरीच कामं जुन्या मैदानांच्या फेररचनेची होती. कार्नूस्टीला रॉबर्टसन यांनी आखलेले १० होल होते, ते टॉम यांनी १८६७ मध्ये १८ केले. मॅक्रिहानिशला १२ होल होते, तिथेही १८७९ मध्ये १८ करून दिले. डॉर्नॉकला त्यांनी १८८६ पासून काम केलं. आयर्लंडमध्ये काउंटी डाउनच्या कामाला १८८९ साली क्लबने त्यांच्यासाठी जास्तीत जास्त ४ गिनी मंजूर केल्या. आज ते मैदान जगातल्या सर्वोत्तम मैदानांत मोजलं जातं. १८९१ मध्ये म्युरफिल्ड झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे ओपन भरली. १८९४ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लाहिंच झालं.

डॉर्नॉकचा एक तरुण सुतार त्यांच्याकडे सेंट अँड्र्यूजला शिकायला आला होता. त्याचं नाव डोनाल्ड रॉस. तो पुढे अमेरिकेत गेला आणि तिथल्या शेकडो मैदानांची आखणी करून गेला. त्यातलं पाइनहर्स्टचं एक मैदान तर तो अनेक वर्षं थोडं थोडं बदलत राहिला. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं, ही मद्रास शाळेची रीत अशी खुंट्या-वाळूच्या धंद्यातही पुढे चालत राहिली.

टॉम यांनी इतरांच्या मैदानांत फेरफार केले, तसे त्यांच्या मैदानांतही नंतरच्यांनी केले. प्रेस्टविकचे १२ होल पुढे १८ झाले. म्युरफिल्डची मांडणी १९२०च्या दशकात हॅरी कोल्ट यांनी बदलली आणि लाहिंचची १९२७ मध्ये अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी. चेंडू लांब जाऊ लागले, काठ्या बदलल्या, लोक वाढले. मैदान तेच ठेवायचं तर त्याला बदलावं लागतं, हे टॉम यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी फार पैसा जोडला नाही. अठराव्या ग्रीनला लागून त्यांचं काठ्या आणि चेंडूंचं दुकान होतं. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी आणि खिशात हात घालून दुकानाच्या दारात उभे असलेले टॉम पाहायला लांबून लोक यायचे. १९०३ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी मैदानाची जबाबदारी सोडली. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं त्यांनी एकाच मैदानाची राखण केली.

२४ मे १९०८ रोजी गावातल्याच एका क्लबच्या जिन्यावरून ते पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला काही आठवडेच उरले होते. जुन्या कॅथीड्रलच्या आवारात, टॉमीच्या थडग्यापाशी त्यांना पुरलं.

सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या होलला त्यांचं नाव आहे. पहिल्या होलचं ओढ्याकाठचं ग्रीन त्यांनी जिथे केलं तिथेच आहे. मध्ये कधीतरी एखादा दिवस ठरवून मैदान जुन्या, उलट्या दिशेने खेळायला खुलं करतात. त्या दिवशी पहिला फटका मारणारा खेळाडू टॉम यांच्या ग्रीनला बाजूला ठेवतो आणि सरळ सतराव्या ग्रीनकडे जातो. दीडशे वर्षांपूर्वीची वाट अजून तिथेच आहे. टॉम यांनी ती बुजवली नव्हती, तिच्या शेजारी दुसरी काढली होती.